आरतीच्या वेळी हात कुठे होते

आरती सुरू झाली की साहेब उभे राहायचे आणि दोन्ही हात पाठीमागे बांधायचे. जोडायचे नाहीत, टाळ्या वाजवायचे नाहीत, खिशातही घालायचे नाहीत. हॉलच्या खांबाशेजारी ताठ उभे. आरतीचं तबक फिरत त्यांच्यापर्यंत आलं की हळू आवाजात म्हणायचे, "पुढे द्या."

एवढंच. पण त्या एवढ्याशा गोष्टीने आमच्या कचेरीतल्या आरतीची पार वाट लागली होती. देवाकडे कोणाचं लक्षच नसायचं. तोंडाने आरती आणि डोळे साहेबांच्या हातांवर. त्यात मीही होते.

तुम्ही आमच्या कचेरीत कधी ना कधी येऊन गेला असाल. उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला, जातीचा दाखला, काहीतरी लागतंच माणसाला. खिडकीच्या आत चष्मा नाकावर आणून "झेरॉक्स कुठे आहे?" असं विचारणारी जी बाई होती, ती मी. नारायण पेठेत जन्मले, लग्न होऊन दोन गल्ल्या पलीकडे गेले आणि नोकरीही चालत जाण्याच्या अंतरावर मिळाली. त्यामुळे जगाबद्दलची मतं लवकर पक्की झाली. माणसावर एकदम विश्वास टाकायची मला सवय नाही. गोड बोलणाऱ्यावर तर नाहीच.

साहेब आले ते कॉम्प्युटरच्या आगेमागे. टाइपरायटर अडगळीत गेले होते. खराडीला काचेच्या इमारती उठत होत्या, धायरीतल्या शेतांवर बिल्डरांचे फलक लागले होते आणि पेठेतली शहाणीसुरती मुलं अमेरिकेच्या घड्याळाने जेवायला लागली होती. अशा दिवसांत अमरावतीकडून हे आमचे अधीक्षक म्हणून बदलून आले. त्यांचं आडनाव कळल्यावर कचेरीत जे होतं तेच झालं. कोणी काही बोललं नाही आणि सगळ्यांनी आपापलं ओळखलं.

पहिल्याच आठवड्यात चहा पिता पिता त्यांनी स्वतःच सांगून टाकलं, "आम्ही बौद्ध, बाई. छप्पन साली माझ्या आजोबांनी नागपूरला दीक्षा घेतली. तुम्ही केव्हापासून आडून आडून विचारून राहिल्या, म्हणून सांगितलं."

मला राग आला. एक तर 'विचारून राहिल्या' हे काय मराठी? आणि दुसरं म्हणजे, मी खरोखरच आडून आडून विचारत होते.

आता ह्या माणसाच्या मनात काय आहे, ह्याचा मी शोध सुरू केला. कचेरीत दरवर्षी सत्यनारायण व्हायचा. सरकारी जागेत असलं काही करू नये असा नियम आहे, असं सगळेच म्हणायचे, पण म्हणून कोणी थांबायचं नाही. नवे साहेब तो नियम पुढे करणार आणि आमचा सत्यनारायण बंद पाडणार, अशी माझी खात्री होती. मी उत्तरही तयार करून ठेवलं होतं. चांगलं झणझणीत होतं. ते वाया गेलं.

पूजेच्या सकाळी नेहमीप्रमाणे खिडकीवर पुठ्ठा लागला: 'सत्यनारायणानिमित्त काम दुपारनंतर.' साहेबांनी तो वाचला.

"हे कोणी लावलं?"

"दरवर्षी लावतो," मी म्हटलं. आवाजात धार होती.

"पूजा करा. पुठ्ठा काढा."

आणि माझ्या खुर्चीत स्वतः जाऊन बसले. आत कथा चालू, बाहेर रांग चालू. पोथीतला अध्याय संपला की आत घंटा आणि बाहेर शिक्क्याचा आवाज. आमचे मामा, म्हणजे कचेरीतले सर्वांत जुने शिपाई, सगळ्या पूजा तेच मांडायचे, ते जाऊन म्हणाले, "साहेब, कथा चालू आहे."

"चालू द्या. मी आहे इथे."

आरतीपुरते उठले, खांबाशी उभे राहिले, हात मागे. "पुढे द्या." पुन्हा जाऊन खिडकीत बसले. मग प्रसाद आला. म्हटलं, आता बघू. तर साहेबांनी शिऱ्याची वाटी स्वच्छ केली आणि आणखी मागितला.

माझ्या संशयाला आणखीच जोर चढला. आरती घेत नाही आणि शिरा खातो, ह्याला काय म्हणायचं? मी विचारलंच.

"शिऱ्याशी माझं काही भांडण नाही, बाई."

"मग कोणाशी आहे?"

"खिडकी बंद होण्याशी." आणि वाटी पुसून म्हणाले, "केळं जरा कमी चाललं असतं."

हे शेवटचं मला पटलं, कारण केळं दरवर्षी जास्तच पडायचं.

एकदा त्यांच्याच समाजातले काही लोक बुद्धाची मोठी तसबीर घेऊन आले. छान होती, सोनेरी चौकटीतली. म्हणाले, साहेब, कचेरीत एवढे देव आहेत, आपलाही एक फोटो असू द्या. आम्ही सगळे फायलींत डोकं घालून कान टवकारले. साहेब म्हणाले, "घरी लावतो. इथे नको." ते लोक चहा न घेता गेले. जाताना त्यांतला एक जिन्यात मोठ्याने म्हणाला, "पुण्यात आले आणि पुण्याचे झाले."

मला आधी बरं वाटलं. मग मला बरं का वाटलं, ह्याचाच मला संशय आला. संध्याकाळपर्यंत त्या दिवशी माझी चिडचिड होत राहिली.

दसऱ्याला मात्र साहेब पुण्यात नसायचे. खंडेनवमीला अर्ध्या दिवसाची रजा टाकायचे आणि नागपूरची गाडी पकडायचे. दीक्षाभूमीला. मी हे बरोबर हेरून ठेवलं होतं आणि एकदा गाठलंच.

"म्हणजे तुम्हीही देवाला जाताच की, साहेब."

"देवाला नाही जात, बाई. आजोबा त्या दिवशी जिथे उभे होते, तिथे जाऊन थोडा उभा राहतो." मग म्हणाले, "रजा टाकून जातो. हजेरी लावून नाही."

हा टोमणा मला होता, हे मला समजलं. आजोबांचं बोलताना त्यांचा आवाज बदलला होता, तेही समजलं.

आता ते खंडेनवमीचं सांगते, कारण सगळं तिथेच घडलं.

तोवर कचेरीत सर्व्हर आला होता. सगळे दाखले त्या एका कपाटाएवढ्या यंत्रात. त्याला वेगळी खोली, रात्रंदिवस एसी. साहेबांनी दारावर कागद लावला होता: 'एसी बंद करू नये.' पण खंडेनवमी म्हणजे हत्यारांची पूजा. पूर्वी आम्ही टाइपरायटरची करायचो, आता सर्व्हरची करायला नको? मामांनी पाट मांडला, यंत्राला हळदकुंकू लावलं. समई माझ्या घरची, सासूबाईंची, पितळी. ती काही केल्या तेवत राहीना. लावली की एसीच्या वाऱ्याने विझायची. समई विझणं बरं दिसतं का? मामांनी एसी बंद केला. मग समई छान तेवली. यंत्राला झेंडूचा हार घातला, वरून नवा कोरा जरीचा शेला पांघरला आणि आम्ही सगळ्यांनी हात जोडले. साहेब तेव्हा गाडीत बसले असतील.

खंडेनवमीला पुजलेल्या हत्याराला दसरा होईपर्यंत हात लावायचा नाही, ही आपली रीत. पूजा आटोपली, समई मी पिशवीत घातली, खोलीला कुलूप लागलं. पुढे दसरा, त्याला लागून रविवार. सोमवारी दार उघडलं तर आत भट्टी पेटल्यासारखी ऊब आणि यंत्र मुकं.

कंपनीचा इंजिनिअर आला. त्याने शेला काढला, हार काढला, यंत्राचं पाठचं झाकण उघडलं आणि पंख्यात अडकलेल्या झेंडूच्या पाकळ्या चिमट्याने एकेक करून काढून टेबलावर ठेवल्या. "सर, सिस्टीमला श्वासच घ्यायला जागा नव्हती," म्हणाला. टेबलाभोवती आम्ही सगळे उभे होतो. कोणी कोणाकडे बघेना.

बाहेर शिष्यवृत्तीच्या अर्जांसाठी मुलांची ही रांग. दाखला मिळाला नाही तर अर्ज बाद होणार. आईबाप घाम पुसत उभे. उत्तर कोणीतरी द्यायला हवं होतं, आणि ते दुपारच्या चहापर्यंत तयार झालंही. एसी साहेबांनीच बंद केला. एक किल्ली त्यांच्याकडेही असते ना? पूजा त्यांना खुपतेच. मुद्दाम बंद करून गेले, म्हणजे पूजेवर खापर फुटेल. नाहीतर नेमके त्याच दिवशी कसे गेले?

सांगणारे सगळे खोलीत हजर होते, बरं का. समई विझताना सगळ्यांनी पाहिली होती.

दुसऱ्या दिवशी उपरणी घातलेले चौघे खिडकीशी आले. "पूजेला विरोध करणारे साहेब कोणते?" मला विचारलं. मी म्हटलं, "इथे दाखले मिळतात. झेरॉक्स आणलीय?" ते गेले, पण पुन्हा येऊ म्हणून गेले. वरच्या कचेरीतून चौकशीला अधिकारी येणार असं कळलं आणि मुद्दाम केलं असं ठरलं तर साहेब निलंबित होणार, हेही कळलं. निवृत्ती जवळ आलेल्या माणसाला हे म्हणजे घरी बसवणंच.

साहेब नागपूरहून परतले होते. मी त्यांच्या खोलीत गेले. इंजिनिअरने काढलेल्या पाकळ्यांची पुडी बांधून ते समोर ठेवून बसले होते.

"साहेब, तुम्ही सरळ सांगत का नाही? शेला होता, फुलं होती, एसी..."

"मी सांगितलं, तर चौकशी यंत्राची राहणार नाही, बाई. माझी होईल. पूजेला नावं ठेवली म्हणतील." ते पुडीची घडी घालत राहिले. "हेच दुसऱ्या कोणी सांगितलं, तर यंत्राचीच राहील."

'तुम्ही सांगा' असं ते म्हणाले नाहीत. मी बाहेर आले आणि मनात पहिलं काय आलं असेल? हा माणूस माझ्याकडून काम करून घेतोय. बघा, स्वभाव. घरी जाऊन समई चिंचेने घासली. घासता घासता दुसरंच आलं मनात. समजा, मी एसी बंद केला असता आणि तसं सांगितलं असतं, तर लोक म्हणाले असते, बाई वेंधळी आहे. धर्मबुडवी आहे असं कोणी म्हणालं नसतं. मला वेंधळं असण्याची मोकळीक होती. त्यांना नव्हती. ह्याचा मला फार संताप आला, आणि तो नक्की कोणावर काढायचा ते कळेना.

चौकशीला आलेल्या अधिकाऱ्यांनी एकेकाला बोलावलं. कोणाला काही आठवत नव्हतं. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "समई विझत होती म्हणून आम्ही एसी बंद केला. हार आम्ही घातला. शेला आम्हीच पांघरला. साहेब नव्हते."

"आम्ही म्हणजे कोण?"

"हात जोडून उभे होते ते सगळे. मला धरून. समई माझ्या घरची."

प्रकरण मिटलं. सगळ्यांना समज मिळाली, यंत्र दुरुस्त झालं, मुलांना मुदत वाढवून मिळाली. आणि कचेरीत माझ्याशी बोलणं बंद झालं. डबा खाताना मी बसले की टेबल रिकामं व्हायचं. हिला काय मिळालं असेल, ह्याचे अंदाज चालले होते. मामा तेवढे दुरून मान हलवायचे.

खरी गंमत साहेबांची. मला वाटलं, आभार मानतील. त्यांनी बोलावलं आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं मी त्यांच्याकडे इतकी वर्षं बघत आले होते.

"का सांगितलं, बाई?"

"का म्हणजे?"

"माणूस उगाच नाही सांगत."

मला हसू आलं. तेही हसले. त्या दिवशी पहिल्यांदा मला ते आपले वाटले, अगदी जवळचे. माझ्यासारखेच कोणावर चटकन विश्वास न टाकणारे.

त्यांची बदली पुढच्या पावसाळ्याआधी झाली. गावाजवळची, सोयीची, असं सांगितलं गेलं. त्यांनी मागितली की त्यांना दिली, हे मला आजही कळलेलं नाही, आणि ते सांगणाऱ्यांतले नव्हते. निरोपाला हार आणला होता. त्यांनी तो हातात घेतला, हुंगला आणि म्हणाले, "पंख्यापासून लांब ठेवा." हसलो सगळे. जिन्यावरून ते उतरत गेले, हात मागे बांधून. नंतर त्यांचं एक पत्र आलं, मग काही आलं नाही.

त्या वर्षीचा सत्यनारायण आला. खिडकीवर पुन्हा पुठ्ठा लागला. बाहेर रांग होती, तीत कडेवर पोर घेतलेली एक बाई उभी होती. तिने पुठ्ठा वाचला आणि जिन्याच्या पायरीवर जाऊन बसली. मी उठले, पुठ्ठा काढला आणि माझ्या खुर्चीत बसले. पाठीमागे कथा सुरू झाली.

आरती झाली. मामा तबक घेऊन फिरत फिरत माझ्यापर्यंत आले. माझ्या एका हातात शिक्का होता, दुसऱ्यात त्या बाईचा दाखला. मला न बघताच कळलं की सगळे कुठे बघतायत.

"पुढे द्या, मामा," मी म्हटलं.

पाठीमागे कुजबुज सुरू झाली. मी शिक्का मारला. सकाळी घरी त्याच समईपुढे आरती करून आले होते; पण ते कोणाला सांगायचं, आणि का?