तपकिरी दोऱ्याची बाटली

गल्लीत सगळे त्यांना सोफावाले म्हणत. खरं तर त्यांनी आयुष्यात एकही सोफा विकला नव्हता. लोकांचे बसके, स्प्रिंगा वर आलेले सोफे ते घरी आणत, त्यांना नवा फोम आणि नवं कापड घालत आणि परत नेऊन देत. पण एवढं लांबलचक कोण म्हणत बसणार?

वय चौसष्ट, अंगाने काटकुळे, बोलायला खणखणीत. त्यांच्याकडे एक पिकअप होती आणि ती त्यांच्या एकुलत्या एक लेकीपेक्षा दोन वर्षांनी मोठी होती. ही गाडी आजवर कुठल्याही मेकॅनिकच्या हाताखालून गेलेली नाही, असं ते चारचौघांत सांगत, आणि कुणी विचारलं नाही तरी सांगत. आपला हात जगन्नाथ! मागचे स्प्रिंगचे पाटे खचले तेव्हा त्यांनी स्वतः एकेक जादा पाटा चढवला. दोर बांधायला कड्यांची रांग वेल्डिंग करून घेतली, ती ओळखीच्या लोहाराकडून. पण लोहार म्हणजे मेकॅनिक नव्हे, असं ते लगेच पुढे जोडत. आतल्या सीटला असं काही कव्हर शिवलं होतं, की तसं नव्या मोटारीतही मिळत नसे. पाऊस आत यायचा तो बंद केला, दिवे बदलले, दाराची काच वर-खाली करायची पट्टी बदलली. गाडीखाली पाठीवर झोपलं की त्यांना जगाचा विसर पडे. बायकोला दोनदा हाक मारायला लागे, तिसऱ्यांदा ती त्यांच्या पायाला पाय लावून जाई.

त्यांची एक पद्धत होती. ब्रेक ऑइलचा डबा एकदा उघडला की ते तेल हवेतली ओल पिऊन खराब होतं, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून डबा आणला की ते लगेच तेल खोकल्याच्या औषधाच्या धुतलेल्या बाटल्यांत काठोकाठ भरून बुचं घट्ट लावत. शिवणयंत्राचं तेलही त्याच बाटल्यांत. त्या तपकिरी काचेच्या, त्यामुळे आतलं काही दिसायचं नाही. चिठ्ठी चिकटवली तर तेलाने निघून जाते, म्हणून बाटलीच्या गळ्याला दोरा: मरून दोरा म्हणजे ब्रेकचं, तपकिरी दोरा म्हणजे मशीनचं. लाल आणि पिवळा का नाही, असं विचारलं तर उत्तर असं, की त्या वर्षी मरून आणि तपकिरी रिळं उरली होती. आता हे उत्तर ऐकून शहाण्या माणसाने कपाळाला हात लावावा. त्यातून त्यांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू. डॉक्टरने सांगून दोन वर्षं झाली होती आणि ऑपरेशन कायम 'पुढच्या महिन्यात' होतं.

त्या दिवशी सकाळी त्यांनी मागच्या चाकाचा गळका सिलिंडर बदलला. मग चारही चाकांतून जुनं तेल काढून नवं भरायचं होतं. बायको आत बसून पेडल दाबत होती आणि ते खालून ओरडत होते, "दाब. धर. सोड." तिने चांगलं तासभर दाबलं-सोडलं. फळीवर पाच बाटल्या होत्या, चार मरून दोऱ्याच्या, एक तपकिरी. त्यांनी चार घेतल्या, एक ठेवली. अकराच्या सुमाराला पेडल कसं छान कडक झालं. गल्लीच्या टोकापर्यंत एक फेरी मारून त्यांनी बायकोला सांगितलं, "बघ, लोणी."

अडीचला लेक आली. गेली सहा वर्षं गाडी तीच चालवत होती. सोफावाल्यांनी तिला शिकवलं होतं आणि एक नियम घालून दिला होता, की गाडी चालू असताना फोनला हात लावायचा नाही, मग कुणाचाही असो. आज पिवळ्या मखमलीचा तीन माणसांचा सोफा टेकडीपलीकडच्या एका घरी पोचवायचा होता. तिने दोर आवळले, वडिलांकडे बघून हसली आणि गेली.

सोफावाले मशीनवर बसले. मशीन जरा जड चालत होतं, म्हणून फळीवरची उरलेली बाटली घेऊन त्यांनी जागोजाग थेंब सोडले. चार थेंब वरून ओघळलेही. मुरू दे म्हणून ते चहाला उठले. चहा पिऊन आले, फडक्याने ओघळ पुसले आणि फडकं काळं झालं.

आधी त्यांना वाटलं, मळ असेल. पुन्हा पुसलं. मशीनच्या अंगावरचा काळा रंग लोण्यासारखा मऊ होऊन फडक्यावर येत होता. त्यांच्या सासऱ्यांच्या वेळचं मशीन, चाळीस वर्षं त्याला तेल पडत होतं, कधी रंग सुटला नव्हता. मशीनचं तेल रंगाला काही करत नाही. रंग खातं ते ब्रेकचं तेल.

त्यांनी बाटली खिडकीशी नेली. गळ्याचा दोरा त्यांनी डाव्या डोळ्यासमोर धरला, मग रिळाला लावून बघितला. मरून होता.

ही जर ब्रेकची बाटली, तर सकाळी गाडीत काय गेलं? त्यांनी कचऱ्याची बादली उलटी केली. रिकाम्या चार बाटल्या जमिनीवर गडगडल्या.

"अगं, इकडे ये. ह्यांच्या दोऱ्यांचे रंग सांग."

बायको ओल्या हातांनी आली. "काय झालं?"

"रंग सांग आधी."

तिने वाकून बघितलं. "तीन मरून. एक तपकिरी."

ब्रेकमध्ये सगळा खेळ रबराचा असतो. साधं तेल गेलं की रबर फुगतं. तास, दोन तास काही कळत नाही, पेडल छान लागतं. सकाळी त्यांना लोणी वाटलं होतं तसं. मग एकदा ते अडकतं, नाहीतर पाय थेट जमिनीला टेकतो आणि गाडी थांबत नाही. कधी, कुठे, ते सांगता येत नाही. आणि टेकडीच्या पलीकडे दीड मैलाचा उतार होता, मध्ये चार वळणं, खाली चौक.

"तिला फोन लावा," बायको म्हणाली. तिला अजून सगळं समजलं नव्हतं, पण नवऱ्याचा चेहरा समजला होता.

फोन वाजत राहिला. पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिला. नियम त्यांनीच घातलेला, आणि लेक त्यांच्या सगळ्या नियमांतला नेमका हाच पाळत आलेली. त्यांनी देवाला नाही, लेकीला हात जोडले. एकदा मोड बाई नियम, एकदाच.

"मी जातो. तू लावत राहा."

"अहो, तुम्हाला दिसत नाही धड, स्कूटर कशी चालवणार?"

ते निघालेही होते.

मन चिंती ते वैरी न चिंती, म्हणतात. टेकडीच्या माथ्यापर्यंत त्यांच्या मनाने गाडी तीनदा उलटवली. एकदा वळणावर, एकदा चौकात, आणि एकदा तर एका शाळेच्या बसवर घातली, ज्या रस्त्याला शाळाच नव्हती. उजव्या डोळ्यापुढे धुकं होतं, डाव्यात पाणी येत होतं. समोरून येणारी प्रत्येक गाडी त्यांच्या बाजूला घुसल्यासारखी वाटे. एका ट्रकवाल्याने शिवी हासडली, ती त्यांना गोड लागली. ट्रक त्या उतारावरून आला होता आणि ट्रकवाला नेहमीसारखा चिडलेला होता. खाली काही भयंकर झालं असतं, तर माणूस इतकं मन लावून शिव्या देत नाही.

उतारावर त्यांनी स्कूटर अगदी हळू नेली. पहिलं वळण, काही नाही. दुसरं, काही नाही. तिसऱ्या वळणाचा कठडा एका जागी फुटलेला होता. तो कालही फुटलेला होता की आजच फुटला, हे त्यांना आठवेना. ते उतरले, कठड्याला धरून खाली वाकले. झुडपं होती, एक जुना टायर होता, प्लास्टिक होतं. पिवळं काहीतरी दिसलं आणि ते आणखी पुढे वाकले. नीट बघितलं तर सुकलेलं गवत.

चौकात गाड्या शहाण्यासारख्या सिग्नलला उभ्या होत्या. सोफावाल्यांनी पहिल्यांदा श्वास घेतला. पोचली असेल. सोफा उतरवत असेल. ते त्या घरापाशी आले आणि बेल वाजवली. दार उघडलेल्या बाईंनी त्यांना ओळखलं.

"अहो, मी तुमचीच वाट बघत होते. सोफा कुठाय?"

"आला नाही?"

"नाही हो. तीनला येणार होता ना? आता चार वाजले."

रस्त्यावर नाही आणि पोचलीही नाही. मग राहिली एकच जागा, जिथे त्यांनी नीट बघितलं नव्हतं: चौथ्या वळणाखालची घळ. त्या बाई काही विचारत होत्या, पाणी देऊ का म्हणत होत्या. सोफावाले उत्तर न देताच स्कूटरकडे वळले. किल्ली भोकात जाईना. दोन्ही हातांनी धरून घातली.

चौथ्या वळणावर ते घळीत थोडे उतरलेसुद्धा. त्यांनी लेकीला हाक मारली, मोठ्याने, लाज न बाळगता. वरून जाणारा एक सायकलवाला थांबून बघायला लागला. घळीत काही नव्हतं. काही नाही हेही आता त्यांना बरं वाटेना. कुणीतरी तिला उचलून नेलं असेल, गाडी ओढून नेली असेल, आपल्याला उशीर झाला असेल, असं त्यांना वाटत राहिलं. फोन तेराव्यांदा लावला. वाजत राहिला.

माथ्यावर, जिथून उतार सुरू होतो, तिथे डाव्या हाताला एक गॅरेज आहे. जाताना त्यांनी तिकडे बघितलंच नव्हतं. तिकडे ते एरवीही बघत नसत. आता येताना त्या गॅरेजच्या भिंतीवरून पिवळी मखमल दिसली, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली, दोर आवळलेली.

स्कूटर त्यांनी स्टँडला लावली नाही, ती आडवी पडली. आत पिकअप जॅकवर होती, मागची दोन्ही चाकं काढलेली. कुणीतरी पत्रा ठोकत होतं, कान किटत होते. लेक एका टायरवर बसून चहा पीत होती.

ती त्यांना बघून उठली. तिच्या चेहऱ्यावर चोरी पकडल्यासारखे भाव होते. सोफावाल्यांनी तिचे दोन्ही दंड धरले, मग खांदे, मग डोकं चाचपलं, आंधळ्या माणसाने चाचपावं तसं.

"फोन का उचलला नाहीस?" त्यांच्या तोंडून एवढंच निघालं.

"बाबा, इथून उचलला असता तर ही ठोकाठोकी ऐकू आली असती."

"मग?"

"मग तुम्हाला कळलं असतं मी गॅरेजमध्ये आहे."

गॅरेजवाला गाडीखालून बाहेर आला. तिशीतला पोरगा, शाळेत लेकीच्या वर्गात असलेला. हातात काळ्या रबराचं एक कडं होतं, मूळच्या मापापेक्षा चांगलं मोठं झालेलं. त्याने ते सोफावाल्यांच्या तळहातावर ठेवलं. ते मऊ लागलं, बुळबुळीत.

"काका, ह्यात कसलं तेल घातलं होतं?"

"मशीनचं," सोफावाले म्हणाले. "चुकून."

"आज उतरली असती खाली तर..." तो लेकीकडे बघून थांबला. "सगळी रबरं बदलावी लागतील. नळ्या धुवाव्या लागतील. आज काही गाडी निघत नाही."

"तुला कसं कळलं?" त्यांनी लेकीला विचारलं. "पेडल अडकत होतं का?"

"नाही. पेडल छान होतं."

"मग इथे का आलीस?"

ती खाली बघून म्हणाली, "मी दर वेळी येते, बाबा. तुम्ही गाडीला हात लावला, की आधी इथे. सहा वर्षं झाली. ह्याने बघितलं, की मग पुढे."

पत्रा ठोकणारा थांबला होता. सोफावाल्यांना वाटलं, त्याने पुन्हा ठोकायला सुरुवात करावी.

"आणि दर वेळी काही सापडतं?"

"नाही, नाही," गॅरेजवाला घाईने म्हणाला. "काका, तुमचं काम चांगलं असतं. दोनदाच काय ते. एकदा स्टिअरिंगच्या सांध्याची पिन राहिली होती. एकदा चाकाचे नट."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही गाडीखाली जाणं सोडलं असतं," लेक म्हणाली. "तेवढंच तर एक आहे, ज्यात तुम्ही खूश असता. मी म्हटलं, बघून घेईन मी."

रागवावं, असं त्यांच्या एकदा मनात आलं. सहा वर्षं चारचौघांत आपण छाती फुगवत होतो आणि हे दोघं मागून नट आवळत होते. पण राग काही येईना. भलतंच आठवत होतं. सहा वर्षांच्या आधी गाडी ते स्वतः चालवत. दर सुट्टीच्या दिवशी हाच उतार, शेजारी बायको, दोघांच्या मध्ये शाळेतली ही पोर, पाय डॅशबोर्डला लावून बडबडणारी. तेव्हाही चाकं त्यांनीच लावलेली असत, तेव्हाही पिना त्यांनीच घातलेल्या असत. आणि त्या सगळ्या वर्षांत माथ्यावर थांबून कुणीच काही बघितलं नव्हतं.

ते लेकीच्या टायरवर बसले. हातातलं रबराचं कडं त्यांनी मुठीत दाबून धरलं.

लेकीचा फोन वाजला. या वेळी तिने उचलला. पलीकडून आईचा आवाज गॅरेजभर ऐकू आला.

"हो आई, मी बरी आहे. काही झालं नाही. हो, बाबा इथेच आहेत." तिने ऐकून घेतलं आणि वडिलांकडे बघितलं. "आई विचारतेय, तुम्ही ठीक आहात ना?"

सोफावाल्यांनी फोन घेतला. एरवी त्यांनी म्हटलं असतं, मला काय धाड भरलीय.

"नाही गं," ते म्हणाले. "मी फार घाबरलोय. तू इकडे ये."