तलासरीच्या कडू दुधीचं एक पान

लोक माहेरी साडीचोळीला जातात, मी एका पानासाठी गेले. नात म्हणाली, "आजी, तुझ्या भावाच्या वेलाचं एक कोवळं पान मिळवून दे." (मी बोलते, प्रणाली लिहिते. अक्षराशी माझी कधी ओळख झाली नाही. मधे काही शहाणपणाचं आढळलं, तर ते तिने घुसवलेलं.)

प्रणाली भाजीपाल्याच्या प्रयोगशाळेत आहे. दुधी, काकडी, कारलं, भोपळा ही सगळी एका घराण्यातली. त्यांची आतली घडण वाचायची, हे तिचं काम. आणि माझा धाकटा भाऊ जान्या तलासरीच्या पुढे पाड्यावर कडू दुधी लावतो. भाजीला नाही, तारप्याला. लांब मानेचा दुधी वाळवायचा, त्याचा तारपा करायचा, तो फुंकून घुमवला की पाडा नाचतो. बियाणं आमच्या बापाचं.

अडचण एकच. मागच्या खेपेला प्रणालीने कोवळ्या फळाकडे सरळ बोट दाखवलं, "अय्या, किती गोड!" थोड्याच दिवसांत ते कुजलं. कोवळ्या फळाला बोट दाखवायचं तर वाकडं करून, हे शेंबडं पोरही जाणतं. जान्याने तिच्याशी बोलणं टाकलं. म्हणून यंदा वकील मी.

कैनाडहून सकाळी शेअर रिक्षाने डहाणू, तिथून तलासरीची एसटी. जाताना डावीकडे बसा, उजवीकडे ऊन येतं. चिकू डहाणूतच घ्या. रुसलेल्या भावाला बरे पडतात. वाड्या मागे गेल्या की दोन्ही बाजूंना पिवळं पडलेलं भात.

"पान वाचतेस म्हणजे काय गं?" मी विचारलं.

"त्यात चारच अक्षरं असतात आजी. तीच पुढेमागे, कोट्यवधी वेळा."

"चारच? मग मला बावन्नाची भीती कुणी घातली?"

पुढच्या बाकावर वरोरची मासळीवाली टोपली सांभाळत बसली होती. ती वळून म्हणाली, "मावशी, चार तर माझा नवरापण शिकंल."

तलासरीला चहा आणि गाठिया, मग पाड्याकडे जाणारी इको गाडी. ती भरल्याशिवाय हलत नाही. घाई असेल तर घरीच राहा.

जान्याने चिकू घेतले आणि प्रणालीकडे पाहून मला विचारलं, "ही बोटवाली कशाला आणली?"

"बोट पिशवीत बांधून आणलंय तिने."

"पान नाय देणार, बाय."

नागलीची भाकरी आणि सुका बोंबील समोर आला, तेव्हा खरं बाहेर पडलं. त्याचा पुतण्या तीन-चार वर्षं शेजारच्या बांधावर दुकानातला दुधी लावतोय. संध्याकाळी फुलं उमलतात, पतंग इकडच्या फुलावरून तिकडच्या फुलावर बसतात, बी मिसळतं. "वाचून निघालं की हे बापाचं बियाणं राहिलंच नाय, तर मी काय वाजवू?"

मी थट्टेला तोंड उघडलं होतं, ते मिटलं.

प्रणाली हळूच म्हणाली, "मामाआजोबा, जुनं बी अजून ठेवलंय ना तुम्ही? मिसळ निघाली तर त्यातून परत लावता येईल. पण ते किती दिवस उगवेल?"

जान्या भाकरी मोडत राहिला. हात धुऊन आम्ही वेलाखाली गेलो. पानांआड एकच फळ होतं. "यंदा हेच का?" असं म्हणत प्रणालीने ते दाखवलं. बोट वाकडं करून.

हात वर करून जान्याने शेंड्याचं पान स्वतः खुडलं आणि तिच्या हातात दिलं. ओल शोषणारे साबुदाण्यासारखे दाणे असलेल्या पुडीत ते गेलं. परतीची शेवटची एसटी लवकर असते. उतरतानाच विचारून ठेवा, आम्ही धावत गाठली.

भात झोडून झालं तेव्हा निकाल आला. दुकानातल्या दुधीचा मागमूस नाही. मात्र फार जुनी एक मिसळ आहे, गुजरातकडच्या वाणाची. प्रणालीने घाबरत घाबरत फोन लावला, मलाही ऐकू येईल असा. जान्या म्हणाला, "आपली आजी, बापाची आई, गुजरातेतल्या उंबरगावची ना, बाय? तिनंच आणलं असणार. उगाच बापाचं नाव लावत होतो!" फळ वाळायला टांगलंय, हेही त्याने सांगितलं, आणि ते प्रणालीला सांगितलं, मला नाही.

रात्री तिने लॅपटॉपवर ती अक्षरं दाखवली. मुंग्यांच्या रांगाच. "यातलं पहिलं कुठलं?" म्हणत मी बोट पुढे केलं, आणि ते आपसूक वाकडं झालं.

पोरगी हसली. हसू दे. माझ्या अक्षरांचं तर बी अजून पेरायचंय.