कोमट पाण्याची विहीर

जळगावला गाडीतून उतरले तेव्हा नुकतं उजाडत होतं. हिवाळ्याचे दिवस. चोपड्याच्या एसटीत उभं राहायलाही जेमतेम जागा होती, त्यामुळे तापी कधी ओलांडली ते कळलंच नाही. दिसला तो एकदम सातपुडा. आपल्या सह्याद्रीत डोंगराआधी टेकड्या येतात. इथं सपाट शेत संपतं आणि डोंगर सुरू होतो, पट्टी ठेवून रेघ मारावी तसा.

या रेघेसाठीच माझे यजमान दर हिवाळ्यात इथं येत. ते कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवत. डोंगराच्या पायथ्याशी जमीन खोलवर चिरली आहे, चिरेपलीकडचा भाग वर उचलला जातो आहे आणि ते अजून थांबलेलं नाही, असं ते सांगत. श्रावणात ते गेले. दिवाळीनंतर नानांचा निरोप आला. नाना म्हणजे ज्यांच्या घरी ते उतरत ते शेतकरी. "साहेबांनी दाखवलेल्या जागी विहीर खणतोय. पाणी लागताना त्यांच्या घरचं कुणी असावं." केळीच्या बागेसाठी खणलेल्या नानांच्या दोन विहिरी आधी कोरड्या गेल्या होत्या. तिसरीही गेली तर शेत सोडून ते वरणगावला, कारखान्यात नोकरी करणाऱ्या मुलाकडे जाणार होते. मी ग्रंथालयात काम करते. दगडातलं मला कळत नाही. तरी निघाले.

नाना बैलगाडी घेऊन स्टँडवर आले होते. वाटेत त्यांनी नदी दाखवली. डोंगरात ती अरुंद घळीतून खळाळत येते. बाहेर पडताच पसरते, आणलेले धोंडे तिथंच टाकते आणि दोन शेतांच्या अंतरात दिसेनाशी होते. डोंगर वाढत राहतो, म्हणून तिचं धोंडे वाहायचं काम संपत नाही. दगड-पाण्याचा इतका मोठा पसारा मी कधी पाहिला नव्हता.

"पाणी गेलं कुठं?" मी विचारलं.

"पानी खाले गयं, आनी आम्ही त्याना मागे (पाणी खाली गेलं आणि आम्ही त्याच्या मागे)," नाना म्हणाले.

घरी अक्कांनी, म्हणजे नानांच्या पत्नीनं, कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी आणि वांग्याचं भरीत वाढलं. ते इतकं तिखट होतं की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. अक्का पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "साहेब बी पहिल्या दिवशी असेच रडले होते."

पुढचे दिवस मी विहिरीच्या काठावर बसून काढले. वर येणाऱ्या प्रत्येक टोपल्यात धोंडे आणि कोरडी रेती. एका दुपारी खालून हाक आली, "पानी लागनं (पाणी लागलं)." बायका पूजेचं ताट घेऊन पुढे झाल्या. मी मागे कडुनिंबाखाली जाऊन उभी राहिले. अशा वेळी आपण पुढे व्हायचं नसतं, हे आता मला माहीत झालं होतं.

बादली वर आली. अक्कांनी त्यात बोटं बुडवली आणि चटकन मागे घेतली.

"कोमट शे (कोमट आहे)," त्या म्हणाल्या.

बायकांनी पूजेचं ताट खाली ठेवलं. खणणाऱ्यांतला एक जण म्हणाला, "केळीन्या मुळ्या शिजी जातीन (मुळ्या शिजून जातील)."

"साहेबस्नी तं न्हाणीच खंदी दिन्ही (साहेबांनी न्हाणीच खणून दिली)," अक्का म्हणाल्या. नाना हसले नाहीत. ते माझ्याकडे पाहत होते.

मी पुढे होऊन पाण्यात हात घातला. "चिरेतून खोलवरचं ऊन पाणी वर येतं, असं ते सांगत. उनपदेवचा गरम झरा याच रेघेवर आहे. चीर तुमच्या शेतातून जाते हे त्यांचं खरं निघालं. पण हे पाणी केळीला चालेल का, ते मला सांगता येणार नाही."

नानांनी एक घागर भरून ओट्यावर ठेवली. सकाळी पाणी गार होतं. बैलांपुढे ओतलं, त्यांनी हुंगलं आणि बुडापर्यंत ओढलं. मग नाना स्वतः प्यायले.

"बैलस्नी पास करं (बैलांनी पास केलं)," अक्का म्हणाल्या.

"हौद बांधवा (हौद बांधायचा)," नाना म्हणाले. "रात्री निवू द्यायचं, सकाळी पाटाला सोडायचं. वरणगावले पोऱ्याले कळाडी द्या (पोराला कळवून टाका), आम्ही येत नही."

अक्कांनी पूजेचं ताट माझ्या हातात दिलं. मी मागे सरकले, तर म्हणाल्या, "जागा तुमच्या घरच्या माणसानं दाखवली. हळद-कुंकू दुसरं कोण वाहील?" मी वाहिलं.

परतीच्या एसटीत खिडकी मिळाली. पुलावरून तापी पाहिली. किती खाली होती ती. दोन्ही काठांना पिवळ्या मातीच्या उभ्या भिंती, त्यांत घळीच घळी. शेजारी पागोटेवाले एक आबा होते. म्हणाले, "नदी लई खोल गेली."

"जमीन वर आली, आबा. नदीनं जागा सोडली नाही, म्हणून ती कापत राहिली," मी म्हटलं. आणि मग चिरेचं, उचलल्या जाणाऱ्या सातपुड्याचं, नानांच्या कोमट पाण्याचं, सगळंच सांगत गेले. पाणी कोमट लागलं याचा ज्यांना सगळ्यांत जास्त आनंद झाला असता, त्यांना सांगावं तसं सांगितलं. घरी इतकी वर्षं मी फक्त ऐकत होते.

आबांनी शेवटपर्यंत ऐकलं. "म्हणजे डोंगर अजून वर येऊ राहिला?"

"हो."

"येऊ द्या," ते म्हणाले. "त्याला घाई नाही, आपल्यालाही नाही."