तक्रारीचा नंबर

मी न्हाणीत पडले होते, डावा पाय हलत नव्हता, आणि फोनवरची पोरगी म्हणत होती, "नव्या अपडेटमुळे झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

त्या अपडेटने फोनमधली सगळी मराठी अक्षरं इंग्रजी करून टाकली होती. मी चौथी शिकलेली. त्यातलं मुलाचं नाव कुठलं, ते ओळखू येईना. सकाळी तक्रार करायला लावलेला नंबर सगळ्यात वर होता, तोच पुन्हा लागला.

"अगं, माझा पाय मोडलाय."

"गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

तिच्या मागून कितीतरी माणसं हेच म्हणत होती, याच सुरात. एकच वाक्य या तोंडातून त्या तोंडात फिरत होतं. ऐकणारा मेला तरी ते थांबलं नसतं. तिसऱ्या खेपेला मीही तिच्याबरोबर ते म्हणू लागले. माझा आवाज मला परका वाटला.

तिने वाक्य मध्येच सोडलं. मग हळूच म्हणाली, "आजी, पत्ता सांगा. लवकर, इथं आमचं बोलणं ऐकतात."

तासाभरात दार तोडून लोक आत आले. त्या पोरीचं नाव विचारायचं राहिलं. मी वाचले.