आक्तोशच्या वाटणीची भाकरी

बातकेनच्या डोंगराकडच्या एका गावात सल्किनच्या अंड्यांना मान होता. तिच्या कोंबड्या दिवसभर जर्दाळूच्या बागेत मोकळ्या हिंडायच्या, किडे-गवत टिपायच्या. कोल्ह्याची भीती होतीच, पण शेजारच्या जुमागुलचा आक्तोश हा दांडगा कुत्रा बागेत फिरायचा. ठरलंच होतं तसं: राखण त्यानं दोन्ही घरांची करायची आणि त्याची भाकरी सल्किननं घालायची. रोज सकाळी ती भिंतीवरून भाकरी जुमागुलच्या हातात द्यायची. वीस वर्षांचा शेजार. जुमागुलच्या लेकीचं बाळंतपण सल्किननंच केलेलं.

मे महिन्यात चार दिवसांत सहा कोंबड्या गेल्या, त्याही भर दुपारी. मागे नुसती पिसं उरली.

"आक्तोश होता ना गं बागेत?" सल्किननं भिंतीवरून विचारलं.

"नाही तर कुठं जाईल? पाटाकडं असेल. तुझंच लक्ष नव्हतं, एजे. वय झालं आता!" जुमागुल तिला थोरल्या बहिणीसारखं एजेच म्हणायची.

सल्किनला ते पटलं. स्वतःला बोल लावत तिनं उरलेल्या कोंबड्या खुराड्यात कोंडल्या. कोंडलेल्या कोंबड्या एकमेकींची पिसं उपटू लागल्या, अंडी बंद झाली. भाकरी मात्र ती रोज देत राहिली.

महिन्याभरानं बाजारात एक मेंढपाळीण भेटली. "तुमच्या गावचा आक्तोश म्हणजे वाघ हो! दोन कोकरं देऊन घेतला, मे लागता लागता. लांडगा फिरकत नाही."

सल्किन तडक जुमागुलच्या अंगणात शिरली. दोन कोकरं खुंटाला बांधलेली होती.

"कुत्रा कुठाय?"

जुमागुल पीठ चाळत होती. "माझा कुत्रा, माझी मर्जी."

"मर्जी तुझीच. पण एका शब्दानं सांगितलं असतंस तर त्याच दिवशी कोंबड्या आत घेतल्या असत्या. वर मलाच म्हातारी ठरवलंस! आणि भाकरी गं? ती का घेत राहिलीस?"

"तू देत होतीस."

सल्किन तशीच माघारी फिरली.

मग तिनं अर्ध्या बागेला जाळी मारून घेतली, खालून दगड पुरले. सकाळचे दोन तास कोंबड्या बाहेर, आणि ती लोकर पिंजत समोर. उरलेला दिवस जाळीत. उन्हाळा सरता सरता अंडी पुन्हा सुरू झाली. जुमागुल भिंतीपलीकडून हाक मारायची. सल्किन नुसती मान हलवायची.

सप्टेंबरात घारीनं एक कोवळी तलंग कोंबडी उचलली, सल्किनच्या डोळ्यांदेखत. हळहळली ती. पण राग नाही आला. घारीनं तिला कधी काही कबूल केलं नव्हतं.