ते पळून गेले नव्हते

शारजातल्या एका शाळेने माझ्याकडून चार दिवस फुकट शिकवून घेतलं. त्याला त्यांच्याकडे 'डेमो' म्हणत. इतिहासाच्या मिस अचानक इंडियाला परत गेल्या, सातवीचा वर्ग मोकळा पडला. "शनिवार ते बुधवार घ्या, मग बघू," सुपरवायझर मॅडम म्हणाल्या. मॅडम पुण्याच्या. मी बी.ए., इतिहास, आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली. नव्वदच्या दशकाचा शेवट होता, आणि चार वर्षं मी नवऱ्याच्या व्हिसावर शेजारच्या दुबईत, अल कुसैसच्या फ्लॅटमध्ये पोळ्या लाटत बसले होते. ती नोकरी मला हवी होती. डिग्री काय पेटीत ठेवायला घेतली होती?

धडा होता, इंग्लंडमधलं अँग्लो-सॅक्सन राज्य कसं बुडालं. पुस्तकात दीड पान. नॉर्मंडीचा ड्यूक आला, त्याच्याकडे घोडदळ होतं, जिंकला, खलास. मी पुस्तक मिटलं आणि फळ्यावर नकाशा काढला. सिंहासन एक, त्यावर डोळा ठेवून दोघे. उत्तरेकडून नॉर्वेचा राजा, दक्षिणेकडून ड्यूक. इंग्रजांचा राजा उन्हाळाभर दक्षिण किनाऱ्यावर फौज घेऊन ड्यूकची वाट बघत बसला. ड्यूक येईना. सप्टेंबरात शिधा संपला, कापणी तोंडावर आली, शेतकरी शिपायांना घरी सोडावं लागलं. तेवढ्यात नॉर्वेवाला उत्तरेत उतरला. राजा उरलेल्यांना घेऊन तिकडे धावला.

"इथून अबुधाबीला जाऊन परत यायचं, जवळजवळ तेवढं अंतर," मी सांगितलं. "चार-पाच दिवसांत."

"मिस, नो एसी बस?" मागून एक मुलगी. वर्ग हसला, मीही हसले.

नॉर्वेवाला तीनशे जहाजं घेऊन आला होता. मेलेले वगळून उरलेले चोवीस जहाजांत मावले. राजा जिंकला, आणि तीनच दिवसांनी ड्यूक दक्षिणेच्या रिकाम्या किनाऱ्यावर उतरला. अडवायला कोणी नाही. राजा पुन्हा उलटा निघाला. दोघांपैकी एकटा कोणीही आला असता तर काय झालं असतं, यावर वर्ग इतका भांडला की घंटा ऐकू आली नाही.

मंगळवारी मॅडम मागच्या बाकावर येऊन बसल्या. तास संपल्यावर कॉरिडॉरमध्ये म्हणाल्या, "छान. पण त्या शेतकऱ्यांचं एवढं घोळवत बसू नका. पीक आलं तसे पळाले. रॅन अवे. एका ओळीत लिहून द्या."

"पळाले नाहीत मॅडम. उन्हाळाभर थांबले. खायला संपलं तेव्हा राजानेच सोडलं त्यांना."

"तेच ते."

"तेच कसं?"

माझा बाप मुंबईत गोदामात हमाल होता. दरवर्षी भातकापणीला पंधरा दिवस गावी यायचा, रीतसर सांगून, रजा टाकून. तरी त्याचा शेठ चारचौघांत म्हणायचा, कोकणातला माणूस, भात पिकला की पळतो. आमचं वर्षभराचं खाणं त्या पंधरा दिवसांत घरात यायचं. हे मॅडमना कुठून सांगायला घेणार? मी विचारलं, "तुम्ही कधी भात कापलाय?"

मॅडम हसल्या. "तुमचा टोन जरा गावाकडचा आहे हो. इथल्या पेरेंट्सना चालत नाही."

बुधवारी शेवटची लढाई शिकवायची होती. गेटवरच कळलं, दुसऱ्या मिस मिळाल्यात. "कळवू तुम्हाला, इन्शाल्ला," मॅडम म्हणाल्या आणि वह्यांसाठी हात पुढे केला. तीस वह्या मी रात्री तपासल्या होत्या. निमूट दिल्या. का दिल्या, याचा राग आजही येतो.

आमच्याच बिल्डिंगमधली एक मुलगी त्या वर्गात होती. पुढच्या आठवड्यात ती वही घेऊन दारात उभी राहिली. राहिलेली लढाई मी तिला स्वयंपाकघरात सांगितली. टेकडी, ढालीला ढाल लावून दिवसभर उभे राहिलेले दमलेले लोक, त्यांचे कितीतरी पट्टीचे लढवय्ये आधीच उत्तरेत मेलेले, आणि संध्याकाळच्या सुमाराला पडलेला राजा. तिने नीट ऐकलं. मग वही उघडली. सुबक अक्षरात लिहिलेलं होतं, शेतकरी सैनिक शेताकडे पळून गेले.

"खोड ते," मी म्हणाले.

"बट आंटी, इट्स फॉर द टेस्ट."

"खोटं आहे ते."

"आय नो. यू टोल्ड अस. बट मिस विल कट टू मार्क्स."

दोन मार्क. मी कणीक मळत राहिले. शेवटी म्हणाले, "लिही बाई. टेस्टमध्ये तेच लिही."

"थँक यू, आंटी," म्हणून ती लिफ्टकडे पळाली. मी माझ्याच घरात, माझ्याच तोंडाने, माझ्या बापाला पळपुटा ठरवून मोकळी झाले होते.