दुसऱ्या कांडीवरची गाठ

संस्थेत तिला सगळे काजळीबाई म्हणत. कामच तसं होतं. पोलादी पेटीत ग्रॅफाइटच्या दोन कांड्या समोरासमोर बसवायच्या, हवा उपसून हेलियम भरायचा, वीज सोडायची आणि दोन्ही टोकं एकमेकांपासून जेमतेम मिलिमीटरभर अंतरावर आणायची. मध्ये डोळे दिपवणारा जाळ पेटला, की एक कांडी वाफ होऊन झिजत जाई. पेटी निवल्यावर भिंतींवरची काजळी कुंच्याने झाडून बाटलीत भरायची. साहेबांना संशोधनासाठी हवी होती ती ही काजळी. घरी बाईने डोकं धुतलं की मोरीत काळं पाणी वाहायचं, आणि लेक नाक मुरडायची.

दुसऱ्या कांडीवर मात्र दर वेळी एक टणक गाठ चढे. ती पकडीने तोडून फेकायची. एकदा बाईने ती फोडून पाहिली. वर राखाडी कवच, आत काळे, मऊ धागे. ती हरखून साहेबांकडे गेली.

"साहेब, हे एकदा मायक्रोस्कोपखाली बघता का? काजळीसारखं वाटत नाहीये."

"बाई, तो कचरा आहे. तुम्ही काजळीचं बघा."

तिने आणखी दोनदा गाठ नेऊन दाखवली. तिसऱ्या वेळी साहेबांनी मानही वर केली नाही.

चार वर्षांनी दुसऱ्याच कुणीतरी छापून आणलं: कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या सापडल्या, आणि त्याही नेमक्या तसल्याच गाठीत. जगभर त्याचा गाजावाजा झाला. पुढे पाहुणे आले, तेव्हा साहेब म्हणाले, "अहो, आमच्याकडे तर ढीगभर होत्या! आमच्या बाईंनी सगळ्या केरात टाकल्या." सगळे हसले. बाईही हसली. आपण हसलो, हेच तिच्या जिवाला लागून राहिलं.

"आणि तू गप्प बसलीस?" घरी हे ऐकून लेक कडाडली.

दुसऱ्या दिवशी बाई साहेबांच्या टेबलासमोर उभी राहिली. "मी तीनदा आणून दाखवलं होतं, साहेब."

त्यांना आठवत होतं. चेहऱ्यावर दिसत होतं. चष्मा पुसत ते म्हणाले, "मग तेव्हाच आग्रह धरायचा होतात, बाई."

ती कामाला लागली. वर्षभराने एके दिवशी तिने पेटी उघडली, तर भिंतीवर कोळिष्टकासारखं काहीतरी लोंबत होतं. असलं तिने कधीच पाहिलं नव्हतं. घटकाभर ती बघत राहिली. मग कुंचा फिरवून तिने ते काजळीत मिसळून टाकलं आणि बाटलीचं झाकण घट्ट लावलं.